जॅझच्या रेकॉर्ड्स जमवताना: आधी वादन, मग आवाज, मग तबकडी

नागपुरात जॅझच्या रेकॉर्ड्स जमवणारे मोजकेच आहेत, पण त्यांच्यात एकच गडबड पुन्हा पुन्हा दिसते. कुणी चार-पाच हजार रुपये मोजून जाडजूड नवी आवृत्ती मागवतो. आवाज लख्ख असतो, पण वादन असं की दुसऱ्यांदा लावावंसं वाटत नाही. कुणी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची एखादी अफलातून मैफल ‘फार खरखरते’ म्हणून पाच मिनिटांत बंद करतो. आणि कुणी एकाच रेकॉर्डच्या तीन प्रती घेऊन बसतो, कारण प्रत्येक प्रतीत त्याला तोच दोष ऐकू येतो. तो दोष मूळ टेपमध्येच असतो, त्यामुळे चौथ्या प्रतीतही तो असणारच.

या तिघांची आवड चुकत नाही, क्रम चुकतो. वादन पारखणं, दोषाचा उगम शोधणं, आवृत्ती निवडणं, प्रत तपासणं हे सगळं करावंच लागतं. पण ते याच क्रमाने केलं तर पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचतात. खालचे टप्पे त्या क्रमाने दिले आहेत.

तयारी: यंत्र ठीक करा, मगच खरेदी

यंत्र बिघडलेलं असेल तर पुढचा एकही निर्णय भरवशाचा राहत नाही. झिजलेली सुई चांगल्या रेकॉर्डच्या खाचा खरवडते, आणि वर तो दोष आपण रेकॉर्डच्या माथी मारतो.

१. सुई. वापरलेलं टर्नटेबल घेतलं असेल तर जुनी सुई किती तास चालली आहे हे कुणीच सांगू शकत नाही. ती बदलाच. हिऱ्याच्या सुईचं आयुष्य साधारण ५०० ते १००० तास धरतात. रोज एक एलपी लावणाऱ्याला ते दोन-तीन वर्षं पुरतं.

२. सुईचा भार. कार्ट्रिजबरोबर (सुई जिच्यात बसते त्या डबीबरोबर) आलेल्या कागदावर आकडा दिलेला असतो. बहुतेक साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजना तो दीड ते अडीच ग्रॅमच्या मधला असतो. तो अंदाजाने लावू नका. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या; इतवारीतल्या सराफ्यात असे काटे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. भार कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते, हा पक्का गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, जोरकस सुरांवर उडते आणि खाचेच्या भिंतीवर आपटते. नुकसान त्यानेच जास्त होतं.

३. वेग. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेतली ६० हर्ट्झची. वेग तपासायची स्ट्रोब चकती इंटरनेटवरून छापून घेत असाल तर ३३च्या वेगासाठी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्या) १८० रेषांची घ्या; फिरत्या चकतीवरच्या रेषा दिव्याखाली स्थिर दिसल्या की वेग बरोबर. २१६ रेषांची चकती ६० हर्ट्झसाठी असते आणि इथे चुकीचं उत्तर देते. एलईडी दिव्याखाली रेषा धड दिसत नाहीत. जुना पिवळा बल्ब लावून बघा.

४. मोनो बटण. १९५८पूर्वीच्या जवळपास सगळ्या जॅझ एलपी मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो. मोनो खाचेत संगीत सुईच्या फक्त आडव्या हालचालीत असतं. उभ्या हालचालीतून येते ती धूळ आणि झीज. अँप्लिफायरवरचं मोनो बटण दाबलं की उभ्या हालचालीचा आवाज बराचसा रद्द होतो आणि खरखर एकदम खाली बसते. एक पैसा न घालता मिळणारी इतकी मोठी सुधारणा दुसरी नाही. म्हणून अँप्लिफायर घेताना हे बटण आहे का, ते आधी बघा.

खबरदारी: अमेरिकेतून आणलेल्या काही जुन्या टर्नटेबलांची मोटर विजेच्या हर्ट्झवर चालते. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला तरी हर्ट्झ बदलत नाहीत. तिथे ३३ फेऱ्या मारणारं यंत्र इथे २८च्या आसपास फिरतं आणि ट्रम्पेट मलूल होतो. त्याला ५० हर्ट्झची वेगळी पुली लागते. पुली मिळणार नसेल तर ते यंत्र घेऊच नका.

तपासणी: घरातली नाट्यगीतांची किंवा भावगीतांची तोंडपाठ असलेली एखादी एलपी लावा आणि बाजूचं शेवटचं गाणं ऐका. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर सरकते, लेबलजवळ जेमतेम २०-२१. त्यामुळे सुईचे सगळे दोष तिथे उघडे पडतात. ‘स’ आणि ‘श’ फुटत असतील तर कार्ट्रिज तिरकं बसलंय किंवा सुई संपली आहे. हे सुटेपर्यंत जॅझची एकही रेकॉर्ड विकत घेऊ नका.

टप्पा १: वादन ऐका, तेही साध्या स्पीकरवर

आता टर्नटेबल बाजूला ठेवा. जी रेकॉर्ड घ्यायची मनात आहे, ती मोबाइलवर, साध्या स्पीकरवर किंवा गाडीत ऐका. उत्तम यंत्रणेवर झांजेची किणकिण आणि बेसची गुंज इतकी सुखावते की वादन सुमार असलं तरी ते लपून जातं. साध्या स्पीकरवर फक्त वादन उरतं.

पहिल्यांदा सलग ऐका, बाकी काही न करता. दुसऱ्यांदा फक्त बेस आणि ड्रम्सच्या मागे जा. पुढचा सॅक्सोफोन विसरा. चांगल्या जॅझमध्ये ही दोघं नुसता ठेका धरून बसत नाहीत, मुख्य वादकाला ढकलतात, अडवतात, मधेच मोकळं सोडतात. तिसऱ्यांदा आठवडाभराने ऐका, आणि ऐकण्यापूर्वी स्वतःला विचारा की यातल्या कोणत्या जागेची मी वाट बघतोय. एकही जागा आठवत नसेल तर रेकॉर्ड घेऊ नका, तिची छपाई कितीही उंची असो.

मग वहीत तीन याद्या करा.

‘वादनासाठी’: इथे आवाज कसाही चालेल. १९४१मध्ये न्यूयॉर्कच्या मिंटन्स क्लबात जेरी न्यूमन या हौशी माणसाने आपल्या डिस्क रेकॉर्डरवर टिपलेला चार्ली ख्रिश्चनचा गिटार या यादीत येतो. ख्रिश्चन पुढच्याच वर्षी गेला. त्या रात्रींचं याहून बरं ध्वनिमुद्रण मिळणं शक्य नाही.

‘दोन्हींसाठी’: वादनही थोर, ध्वनिमुद्रणही. पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटाची २५ जून १९६१ची व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबातली मैफल इथे बसते. खरेदीतला बहुतेक पैसा या यादीवर खर्च व्हावा, कारण चांगल्या छपाईचा मोबदला इथेच मिळतो.

‘आवाजासाठी’: केवळ ऐकायला सुंदर, यंत्रणा दाखवायला बऱ्या. माझ्या मते या यादीत पाच-सहा रेकॉर्ड्स पुरे झाल्या. ती दुसऱ्या यादीपेक्षा मोठी व्हायला लागली तर खरेदी कुठेतरी भरकटली आहे.

नेहमीची चूक: ‘सर्वोत्तम आवाजाच्या पन्नास जॅझ रेकॉर्ड्स’ अशी एखादी यादी समोर ठेवून खरेदी सुरू करणं. अशा याद्या ध्वनिमुद्रणाच्या दर्जाने लावलेल्या असतात; त्यात ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगची १९२८ची कामगिरी येत नाही, पार्करचा उमेदीचा काळ येत नाही. म्हणजे जॅझचा अर्धा कणाच गळतो.

टप्पा २: दोष नेमका कुठे आहे?

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. कानाला खुपणारा दोष पाचपैकी एका ठिकाणी असतो: मूळ ध्वनिमुद्रणात, नंतरच्या मास्टरिंगमध्ये (टेपवरचा आवाज छपाईसाठी तयार करताना), कारखान्यातल्या छपाईत, तुमच्या हातातल्या प्रतीत, किंवा तुमच्या यंत्रात. पहिल्याला इलाज नाही, तो पत्करायचा. दुसऱ्या-तिसऱ्याला इलाज म्हणजे दुसरी आवृत्ती. चौथ्याला धुणं किंवा दुसरी प्रत. पाचव्याचं वर झालं. उगम न ओळखता खर्च केला तर पैसा नेमका चुकीच्या जागी जातो.

एक जोडी घेऊन पाहू. पियानोवादक थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या दोन मैफली बाजारात मिळतात. पहिली २९ नोव्हेंबर १९५७ची, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली. ती व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी नभोवाणीने मुद्रित केली, टेप लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून राहिली आणि २००५मध्ये हाती लागली. दुसरी सप्टेंबर १९५८ची, फाइव्ह स्पॉट क्लबातली. ती कोल्ट्रेनच्या पत्नी नाइमा यांनी साध्या टेपरेकॉर्डरवर टिपली आणि १९९३मध्ये ती प्रसिद्ध झाली. कार्नेगीच्या टेपवर मंकच्या बोटांचा आघात, ड्रमर शॅडो विल्सनचे ब्रश, सगळं जागच्या जागी आहे. फाइव्ह स्पॉटच्या टेपवर पियानो दूर, दबलेला. रॉय हेन्सचे ड्रम्स अंगावर येणारे. आणि या सगळ्यातून कोल्ट्रेन मात्र कार्नेगीपेक्षा जास्त धीट, लांबलांब पल्ल्याचं वाजवतो. पहिली मैफल ‘दोन्हींसाठी’च्या यादीत जाते, तिची चांगली छपाई घ्या. दुसरी ‘वादनासाठी’च्या यादीत. तिची स्वच्छ आणि स्वस्त प्रत पुरे. तिच्या महागड्या आवृत्तीवर खर्च केला तरी पियानो एक इंचही जवळ येणार नाही.

मैफलींच्या जुन्या टेपा ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हे अवघड जाऊ नये. तंबोरा दबलेला, तबला पुढे आलेला, मधेच कुणी खोकतंय, तरी राग उभा राहतो आणि आपण ऐकत बसतो. जॅझसाठीही कानाला तेवढीच मुभा द्या.

आता उगम ओळखायच्या खुणा.

तोच दोष मोबाइलवरच्या आवृत्तीतही, रेकॉर्डवरही असेल तर तो मूळ ध्वनिमुद्रणातला. व्हिलेज व्हॅनगार्डच्या मैफलीत ग्लासांची किणकिण आणि टेबलांवरचं बोलणं आहे. ते तिथलंच आहे, प्रतीत काही बिघाड नाही. टोरंटोच्या मॅसी हॉलमधली १५ मे १९५३ची मैफल (पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस, मॅक्स रोच) ऐकताना बेस वेगळ्याच खोलीतून आल्यासारखा वाटतो. तो खरोखरच वेगळ्या खोलीतला आहे: टेपवर बेस नीट आला नव्हता, म्हणून मिंगसने तो नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर चढवला.

दोष एका आवृत्तीत असेल आणि दुसरीत नसेल तर मास्टरिंग बघा. याचं ठळक उदाहरण ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं १९५९चं ‘काइंड ऑफ ब्लू’. २ मार्चच्या सत्रात मुख्य टेपयंत्र किंचित हळू चाललं, त्यामुळे मूळ एलपीची पहिली बाजू खऱ्या सुरापेक्षा किंचित चढी वाजते. १९९०च्या दशकातल्या नव्या आवृत्त्यांत दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून हे सुधारलं. घरात हार्मोनियम असेल तर पहिल्या रचनेबरोबर सूर धरून बघा, कोणत्या वेगाची आवृत्ती हातात आहे ते कळतं. संग्राहक मूळ छपाईसाठी जीव टाकतात, पण सुराच्या बाबतीत नवी आवृत्तीच बरोबर आहे.

एकच टिकटिक दर १.८ सेकंदांनी येत असेल तर तो ओरखडा, म्हणजे प्रतीचा दोष. ३३च्या वेगाला एक फेरी तेवढीच असते. त्याच लयीत पियानोचे लांब सूर डोलत असतील तर भोक मध्यावर पडलेलं नाही किंवा रेकॉर्ड वाकलेली आहे. आणि प्रत्येक रेकॉर्डवर तोच दोष ऐकू येत असेल तर तयारीच्या भागाकडे परत जा.

तपासणी: आवडत्या पण खुपणाऱ्या तीन रेकॉर्ड्स काढा आणि प्रत्येकीपुढे दोषाचा उगम एका शब्दात लिहा. एकीचाही लिहिता येत नसेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

टप्पा ३: आवृत्ती निवडा

दोषाचा उगम कळला की आवृत्तीचा प्रश्न बराच सोपा होतो. काळानुसार पाहू.

१९४८पर्यंतचं जॅझ ७८च्या तबकड्यांवर आलं. लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हनची १९२५ ते १९२८मधली ध्वनिमुद्रणं ऐकायची तर मूळ लाखेच्या तबकड्या शोधत बसू नका. त्यांना सुमारे ३ मिल जाडीच्या टोकाची वेगळी सुई लागते (एलपीची सुई ०.७ मिलची; मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आणि चांगल्या अवस्थेतल्या प्रती मिळणं दुरापास्त. चांगल्या संग्रहाची सीडी घ्या. निवडताना एकच गोष्ट बघा: खरखर किती गाळली आहे. फार गाळली तर खरखरीबरोबर ट्रम्पेटची धारही जाते आणि सगळं घोंगडीआडून आल्यासारखं ऐकू येतं. थोडी खरखर राहिलेली आवृत्ती घ्या. दोन मिनिटांत कान तिच्या पलीकडे जातो, पण गेलेली धार कशानेही परत येत नाही.

१९५०च्या दशकातल्या मोनो एलपींबाबत एकच कडक नियम: कव्हरवर ‘इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड’ किंवा ‘ड्युओफोनिक’ असं छापलेलं असेल तर रेकॉर्ड खाली ठेवा. स्टिरिओची लाट आल्यावर मोनो टेपचे खोटे दोन भाग पाडून काढलेल्या या आवृत्त्या आहेत. त्यात वाद्यं पसरट आणि पोकळ वाजतात.

१९५८नंतर स्टिरिओ आणि मोनो दोन्ही मिळू लागल्या. सुरुवातीच्या स्टिरिओत वाद्यं दोन टोकांना बसवलेली असत. सॉनी रॉलिन्सच्या १९५७मध्ये मुद्रित झालेल्या ‘वे आउट वेस्ट’मध्ये सॅक्सोफोन एका बाजूला, बेस-ड्रम्स दुसऱ्या बाजूला आहेत. ध्वनिमुद्रक रॉय ड्युनानचं ते काम इतकं निखळ आहे की ही विभागणीही सुंदर वाटते. सगळीकडे तसं होत नाही. हेडफोनवर ऐकणाऱ्यांनी शक्य तिथे मोनो घ्यावी.

ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या रेकॉर्ड्ससाठी लेबलजवळची गुळगुळीत, रिकामी कड वाचायला शिका. तिथे ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ असा शिक्का असेल तर ती खाच कंपनीचे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी स्वतः कापली आहे. १९६६पर्यंतच्या छपाईत कानासारखी एक छोटी खूणही असते, आणि त्या खुणेपायी किंमत आकाशाला भिडते. ब्लू नोट लिबर्टी या दुसऱ्या कंपनीकडे गेल्यानंतरच्या कित्येक छपायांत तो कान नाही, पण व्हॅन गेल्डर यांचा शिक्का आहे, कारण साचे तेच होते. ऐकणाऱ्याने या घ्याव्यात. कानाची खूण संग्राहकांसाठी मोलाची आहे, आवाजासाठी व्हॅन गेल्डर यांचा शिक्का पुरतो.

नव्या, स्वस्त युरोपीय आवृत्त्या जपून घ्या. १९६२पर्यंत प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणं युरोपात हक्कमुक्त झाली आहेत, त्यामुळे मूळ टेप हाती नसतानाही कुणालाही ती छापता येतात. लेबलवर मूळ कंपनीचं नाव नसेल आणि टेप कुठून आली हे कव्हरवर कुठेच लिहिलं नसेल तर ती सीडीवरून काढलेली असण्याची दाट शक्यता आहे. मग सीडीच घ्या, निम्म्या किमतीत तेच मिळेल.

भारतात छापलेल्या जॅझ एलपी जुन्या गठ्ठ्यांत अधूनमधून मिळतात. मास्टरिंग बहुधा परदेशातलं, पण विनायलचा दर्जा एकसारखा नाही. काही प्रती शांत, काही पहिल्या दिवसापासून सरसरणाऱ्या. त्या वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नका. शांत प्रत मिळाली तर आयात प्रतीच्या मागे लागायचं कारण उरत नाही.

आणि कधीकधी रेकॉर्ड घेऊच नये. ड्यूक एलिंग्टनची ७ जुलै १९५६ची न्यूपोर्टची मैफल घ्या. त्याचा सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्व्हिस याने त्या रात्री सलग २७ आवर्तनं वाजवली, पण तो व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या माइकसमोर उभा होता. म्हणून कोलंबिया कंपनीच्या मूळ एलपीवर तो दूर ऐकू येतो, आणि त्या एलपीतले बरेच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून त्यांना टाळ्या जोडलेल्या आहेत. १९९९मध्ये दोन्हींच्या टेपा जुळवून काढलेल्या सीडी संचात तो समोर येतो आणि रात्र खरी ऐकू येते. इथे मूळ छपाईचा हट्ट धरणं म्हणजे वादनाशीच प्रतारणा.

टप्पा ४: प्रत हातात घेऊन तपासा

नागपुरात जुन्या इंग्रजी रेकॉर्ड्स निघतात त्या बहुधा सदर, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या घरांतून किंवा रेल्वेत नोकरी केलेल्यांच्या पेट्यांतून. उरलेल्या कबाड्यामार्फत इतवारीपर्यंत पोचतात. त्यात जॅझ कमी, नाचाची गाणी जास्त असतात. म्हणून गठ्ठा दिसला की पूर्ण चाळा.

१. रेकॉर्ड कडेला आणि लेबलला धरून बाहेर काढा आणि खिडकीतल्या उन्हाच्या तिरिपेखाली आडवी करा. ट्यूबलाइटखाली बारीक रेषा दिसतच नाहीत. उन्हात हळूहळू फिरवली की काळ्या पृष्ठभागावर केसासारख्या रेषा उजळतात.

२. नख न लावता बोटाच्या पेरानं ओरखडा हलकेच चाचपा. नुसता दिसणारा ओरखडा बहुतेक वेळा वाजत नाही. हाताला लागणारा वाजतोच.

३. भोकाभोवतीचं लेबल बघा. दांडीवर बसवताना रेकॉर्ड घसरली की लेबलवर करड्या रेषा उमटतात. अशा रेषांचं जाळं असेल तर ती खूप वेळा वाजली आहे, वरून कितीही चकचकीत दिसो.

४. खाचा बघा. काळ्या खाचांत जागोजाग राखाडी झाक असेल तर जड सुईने खाचा घासल्या आहेत. हे धुऊन जात नाही.

५. डोळ्याच्या रेषेत आडवी धरून वाकलेली आहे का बघा.

६. शक्य असेल तर वाजवा. घर रिकामं करणारे काका ‘सगळ्या चालू आहेत’ असं मनापासून सांगतात, पण त्यांनी वीस वर्षांत एकही लावलेली नसते. ‘काका, एक लावून बघू का?’ म्हटलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. वेळ एकाच तुकड्याचा असेल तर बाजूचा शेवटचा, संथ चालीचा तुकडा ऐका. संथ चालीत खरखर लपत नाही आणि आतल्या खाचांत झीज लपत नाही.

खबरदारी: ‘वादनासाठी’च्या यादीतली रेकॉर्ड असेल तर अवस्थेची अट सैल करा, ‘आवाजासाठी’च्या यादीतली असेल तर अजिबात करू नका. सगळ्या रेकॉर्ड्सना एकच अट लावली की दुर्मीळ वादन सोडून दिलं जातं आणि सामान्य वादन घरी येतं.

टप्पा ५: मागवणं आणि घरी आणणं

ऑनलाइन खरेदीत प्रतीच्या अवस्थेचा दर्जा सांगणारी अक्षरं विक्रेत्याने नुसती बघून दिली आहेत की वाजवून, हे आधी लिहून विचारा. परदेशातून मागवताना आयात शुल्क, जीएसटी आणि कुरिअरचा हाताळणी खर्च धरून किंमत काढा; स्वस्त वाटलेली रेकॉर्ड दारात येईपर्यंत दुप्पट झालेली असू शकते. तबकडी कव्हरच्या बाहेर, वेगळ्या इनर स्लीव्हमध्ये ठेवून पाठवायला सांगा. नाहीतर प्रवासात ती आतून कव्हरची शिवण फाडते.

मागवायचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल ते जून काहीही मागवू नका. साधारण ६० अंशांच्या पुढे विनायल मऊ पडून आकार सोडू लागतं. बाहेर ४५ अंश असताना उन्हात उभी बंद गाडी किंवा कुरिअरची पत्र्याची शेड तिथवर सहज पोचते. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) पार्सल आलंच तर लगेच फोडू नका. घरातल्या थंड खोलीत रात्रभर आडवं ठेवा, मग उघडा.

कोलकात्याच्या फ्री स्कूल स्ट्रीटवर आणि मुंबईच्या चोरबाजारात जुन्या रेकॉर्ड्सचा माल अजून मिळतो, आणि गीतांजली एक्स्प्रेस या दोन्ही शहरांना नागपूरशी जोडते. तिथून आणताना रेकॉर्ड्स दोन पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बांधून उभ्या ठेवा, बर्थच्या आत भिंतीला टेकवून. बर्थखाली आडव्या टाकल्या की वर दुसऱ्याची बॅग येते.

टप्पा ६: धुणं

आलेली प्रत्येक जुनी रेकॉर्ड वाजवण्याआधी धुवा. न धुता लावली तर सुई धूळ खाचेत रगडते.

बोअरवेलचं किंवा नळाचं पाणी नको. क्षार खाचेत वाळतात आणि कायमची चरचर बसते. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात सौम्य, बिनवासाच्या द्रवसाबणाचे दोन-तीन थेंब टाका, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळखळून काढा. लेबल कोरडं ठेवा. वाळवताना पंखा बंद, खिडक्या बंद, उभ्या रॅकवर सावलीत. उन्हाळ्यात हे काम सकाळी सातच्या आत उरका. दुपारच्या झळेबरोबर येणारी धूळ ओल्या रेकॉर्डवर चिकटून बसते.

खबरदारी: ७८च्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

धुतल्यावर पुन्हा ऐका आणि मगच प्रतीबद्दल मत बनवा. निम्म्या ‘खराब’ रेकॉर्ड्स नुसत्या घाण असतात.

टप्पा ७: नागपुरी हवेत ठेवणं

उभ्या ठेवा, तिरक्या टेकवू नका, फार दाबूही नका. वरच्या मजल्याची स्लॅबखालची खोली आणि पश्चिमेची भिंत टाळा.

इथला मोठा शत्रू मात्र कूलर आहे. मार्च ते जून घरोघरी वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा खोलीत येते. त्या झोतात रेकॉर्ड्सचं कपाट असेल तर कव्हरांना बुरशी धरते आणि ती आतल्या तबकडीपर्यंत जाते. कूलरच्या खोलीत कपाट ठेवूच नका. पर्याय नसेल तर झोताच्या विरुद्ध भिंतीला, दारं बंद करून ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा सगळ्या कव्हरांना हवा द्या. बाहेरची पिशवी पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. जुन्या जाड पीव्हीसी पिशव्या उष्णतेत तबकडीवर पांढुरकी झाक सोडतात आणि ती झाक आवाजात उतरते.

टप्पा ८: ठेवायची की बदलायची?

घरातल्या प्रतीपेक्षा बरी आवृत्ती मिळाली की दोन्ही शेजारी ऐका. एक अट पाळा: दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणा. मोबाइलवरचं आवाज मोजणारं अ‍ॅप पुरतं. जी आवृत्ती थोडी मोठ्याने वाजते ती कानाला नेहमीच चांगली वाटते, आणि बहुतेक महागड्या खरेद्या याच फसवणुकीतून होतात. घरातल्या कुणाला तरी रेकॉर्ड बदलायला सांगा. कोणती लावली आहे ते तुम्हाला कळू देऊ नका.

ऐकताना टप्पा १मध्ये ज्या जागेची वाट बघत होतात, तिथे लक्ष ठेवा. नव्या आवृत्तीत ती जागा जास्त पोचते का? झांज जास्त लख्ख झाली पण ती जागा तशीच राहिली, तर जुनी ठेवा आणि त्या पैशांत ‘वादनासाठी’च्या यादीतली दुसरी एखादी मैफल घ्या. ती जागा उजळली, म्हणजे बेस आणि पियानो एकमेकांना उत्तरं देताना प्रथमच स्पष्ट ऐकू आले, तर बदला.

काढून टाकलेली प्रत दुसऱ्याला देताना वहीतली नोंद सोबत द्या: दोष कुठे आहे, कोणत्या तुकड्यात टिकटिक आहे, कधी धुतली. घेणाऱ्याचा टप्पा २ आणि टप्पा ४ निम्मा तिथेच होऊन जातो.